त्या संध्याकाळी व्होल्टेज चांगलं होतं

उसाचा पहिला फड तुटला की आमच्या मळ्यातून एकदम लांबचं दिसायला लागतं. वर्षभर घराच्या तिन्ही बाजूंना हिरवी भिंत उभी असते. ओट्यावरून बघितलं तर समोरच्या बांधापलीकडं काय आहे ते कळत नाही. मग तोडवाले येतात, कोयते सपासप चालतात, भिंत आडवी होते आणि विहीर दिसायला लागते. विहिरीच्या कडेची मोटरीची खोली दिसते. तिच्याही मागं, लांब, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची जाळीदार तबकडी तोंड वर करून बसलेली दिसते. दरसाल हे असं उघडं पडतं, आणि दरसाल ते दोन-चार दिवस मी ओट्यावर बसायचं टाळतो. घरातले म्हणतात, पाचटाच्या धुळीनं यांचं डोकं दुखतं. मी नाही म्हणत नाही.

यंदा तोड सुरू व्हायला आणि पारसचा मेसेज यायला एकच गाठ पडली. पारस म्हणजे माझा बारावीचा जोडीदार. नारायणगावातल्या कापड दुकानदाराचा मुलगा, आता पुण्यात मोठ्या फ्लॅटात राहतो. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले म्हणे, पण हा शिव्या अस्सल जुन्नरच्या देतो. त्यानं एक फोटो पाठवला होता. भिंतीएवढा टीव्ही, टीव्हीत धुकं, धुक्यात एक माणूस पाठमोरा उभा. खाली लिहिलेलं, 'आपला गेम परत आलाय भावा. नवीन करून काढलाय. काय दिवस होते राव ते! खरी भीती काय असते ते आपल्यालाच माहीत.' आणि त्यापुढं हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

खरी भीती! चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, सोसायटीची लिफ्ट अडकली तर वॉचमनच्या नावानं आरोळ्या ठोकणारा हा माणूस मला खऱ्या भीतीबद्दल सांगत होता. त्याच्यासारखे बरेच आहेत. आमच्या पिढीला हे एक नवीन दुखणं जडलंय. ज्या काचेच्या कपाटात आमच्या आयांनी कपबश्या मांडल्या, तिथं हे लोक जुन्या गेमच्या पेट्या मांडतात, वायरी पुसतात, फोटो काढतात आणि 'आता तशी मजा नाही' म्हणून उसासे टाकतात. कशी असेल? तशी मजा यायला घरातलं दुसरं कुणीतरी राबत असावं लागतं.

मला या उसाशांची किळस येते. आणि आता खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त किळस याची येते की तो फोटो उघडल्याबरोबर माझा डावा अंगठा आपोआप हलला. पुढं चालायच्या बटनावर.

दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. पारसच्या मुंबईच्या मामानं त्याला एक करड्या रंगाची पेटी दिली होती. टीव्हीला जोडायची, वरून झाकण उघडून सीडी घालायची. सीड्या सगळ्या कॉपी केलेल्या, वेष्टणावर मूळ चित्राची काळपट झेरॉक्स, त्यात भूत कुठलं आणि माणूस कुठला तेही कळायचं नाही. पेटी तापली की सीडी वाचायची नाही. मग ती उलटी करून, पाय वर करून ठेवायची. तशी ती उलटी पडलेली पेटी, तिच्या पोटातली घरघर, आणि पडद्यावर हळूहळू उमटणारं ते धुक्यातलं गाव.

ओसाड गाव. शाळा, दवाखाना, बंद दुकानं. आपण एक दमलेला माणूस. हातात लोखंडी गज, पिस्तुलात मोजक्याच गोळ्या. खिशात एक छोटा रेडिओ. जवळपास काही वाईट असलं की तो रेडिओ आधी खरखरायला लागायचा, खर्रर्र, आणि मग धुक्यातून ते यायचं. कॅमेरा छताच्या कोपऱ्यात टांगल्यासारखा, त्यामुळे आपल्याच माणसाचं टाळकं दिसायचं, पुढं काय आहे ते दिसायचं नाही. दार उघडायचं तर तेही कर्रर्र करत, इतकं सावकाश की हाताला घाम सुटायचा. जखम झाली की कुंडीतला हिरवा पाला खायचा आणि बरं व्हायचं.

माझी मोठी बहीण, सुनंदाताई, एकदा दारात उभं राहून हे बघत होती. म्हणाली, "पाला खाऊन बरा व्हतो? शेळी हाय का काय ती?"

पारस म्हणाला, "ताई, तुला नाही कळायचं. हे सर्व्हायव्हल असतं."

"आस्सं? मग आमच्या गोठ्यात बी दोन सर्व्हायव्हल बांधल्यात. पाला आन जा त्यांना."

आम्ही खवळलो होतो. आता आठवलं की वाटतं, त्या गेमवर कुणीही केलेली सगळ्यात शहाणी टीका तीच.

पुढं बऱ्याच वर्षांनी कुठंतरी वाचलं, की त्या जुन्या पेटीला लांबचं चित्र काढायला जमायचं नाही म्हणून तिथं धुकं घातलं होतं. आणि दारं सावकाश उघडायची, कारण तेवढ्यात सीडीवरून पुढची खोली वाचून व्हायची. म्हणजे आम्ही जिला भीती म्हणून छातीशी धरून बसलो होतो, ती त्या पेटीची धाप होती. मशीन दमत होतं आणि आम्ही थरथरत होतो. यावर आज चाळिशीचे लोक तास तास बोलतात. बोला बाबांनो.

पारसच्या घरी खेळायची सोय नव्हती. दुकानाच्या वर घर, माणसं भरपूर, टीव्हीवर चुलत्यांच्या बातम्या आणि काकूंच्या हिंदी मालिका. आमचं घर मळ्यात, दिवसभर रिकामं. अण्णा आणि आई रानात. अण्णा म्हणजे वडील. मग पारस दुपारनंतर दुकानाच्या जुन्या मोपेडवर यायचा, खांद्याला साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत वर फिजिक्सचं पुस्तक आणि खाली पेटी. आई त्याला बघून म्हणायची, "लई अभ्यासू पोरगं बया." बारावी सायन्सचा मुलगा म्हणजे तेव्हा घरात देव बसवल्यासारखं असायचं. त्याला पाणी आणायला सांगायचं नाही, धारेला बसवायचं नाही, पाहुणे आले तरी हाक मारायची नाही. आमच्या घरात हा देव भिंतीकडं पाठ करून टीव्हीसमोर बसलेला होता, एवढाच फरक.

ताईही शिकत होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, वनस्पतिशास्त्र घेणार होती. सायकलीनं फाट्यापर्यंत, तिथून एसटीनं कॉलेजला, आणि परत यायला दिवस कलायचा. मला न येणारी गणितं ती चुलीपुढं बसून तोंडी सोडवायची. पण तिचं शिक्षण हे घरातलं एक काम होतं, भाकरीसारखं. केलं तर केलं, राहिलं तर राहिलं. माझं शिक्षण हा सण होता.

आता विजेचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं घराची आणि विहिरीवरच्या मोटरीची लाईट एकाच डीपीवरून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरून. मोटर चालू झाली की घरातलं व्होल्टेज बसायचं. बल्ब लाल व्हायचा, टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, स्टॅबिलायझर टक टक करायचा, आणि गेमची पेटी दचकून पहिल्यापासून सुरू व्हायची. आणि त्या गेममध्ये कुठंही थांबून जपून ठेवता येत नसे. ठरलेल्या जागा असायच्या, लांब लांब. तिथं पोचलं तरच आपण केलेलं सगळं सेव्ह व्हायचं. मधे पेटी दचकली की तासाभराचं मातीत.

मोटरीचा मेन स्विच गोठ्याच्या भिंतीवर होता, लोखंडी पेटीचा, बाजूला दांडा. आणि स्टार्टर विहिरीवर. दांडा एकदा खाली ओढून वर केला, की मोटरीची वीज क्षणभर जाऊन परत यायची, पण तेवढ्यात विहिरीवरचा स्टार्टर बंद पडलेला असायचा. तो परत उचलायला कुणीतरी तिथं चालत जाऊन हिरवं बटन दाबायला लागायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, लाईट झपकली. लाईट तेव्हा तशीही झपकायची. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

गावात बहुतेकांनी ऑटो बसवले होते, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप चालू. अण्णांनी बसवला नव्हता. ते ऐकायचेच नाहीत. म्हणायचे, "सगळ्यांचं ऑटो एकदम उठलं की डीपी जळती. मंग महिनाभर साऱ्या शिवाराला पानी न्हाई. दुसऱ्यानं केलं म्हनून आपुन न्हाई करायचं." त्यांच्या या एका तत्त्वावर माझा गेम चालत होता.

कारण मोटर बंद पडली की रानाच्या टोकाला कांद्याचं पाणी वळवणारे अण्णा ओरडायचे, "सुनंदे! मोटर बंद पडली गं! बघ जरा!" आणि ताई हातातलं पुस्तक पालथं घालून उठायची. विहिरीकडं जायचं म्हणजे उसाच्या कडेकडेनं, पाण्याच्या चारीच्या बांधावरून. तेवढं जाऊन यायला जो वेळ लागायचा, तेवढा आमचा.

"ह्या मोटरीला झालंय तरी काय?" ती कुरकुरायची. "परीक्षा माझी बी हाय की."

"जा गं बाई," आई म्हणायची. "त्याचं बारावीचं वरीस हाय. तुझं काय, तू हुशारच हाईस."

पारस आणि माझ्यात एक शब्द ठरला होता. पडद्यावरचं चित्र आक्रसायला लागलं, की तो मान न वळवता म्हणायचा, "पाड." मी उठून गोठ्यात जायचो, दांडा खाली, दांडा वर. परत येऊन बसेपर्यंत चित्र भरलेलं असायचं. इतकं सोपं. त्या हिवाळ्यात मी किती वेळा तो दांडा ओढला ते मला माहीत नाही. ताईच्या तेवढ्या फेऱ्या झाल्या.

मला कधी कधी वाटतं की माणसानं निदान दुष्टपणा तरी धड करावा. मी ताईचं वाईट चिंतलं असतं तर त्यात काही दम असता. मी तिचा विचारच करत नव्हतो.

आणि ते वर्ष बिबट्यांचं होतं. कुणाच्या शेळ्या गेल्या, कुणाचं कुत्रं साखळीसकट गेलं, गावोगाव पिंजरे लागले होते. लोक उसाच्या कडेनं जाताना उगाच मोठ्यानं बोलायचे, खोकायचे, डबा वाजवायचे. एक फड तुटला की त्यातलं जनावर शेजारच्या उभ्या फडात शिरतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. आमच्या घरामागचा फड तुटला होता. विहिरीकडचा उभा होता.

मार्गशीर्षातली संध्याकाळ. पडद्यावर आम्ही दवाखान्याच्या तळघरात होतो. बऱ्याच वेळात सेव्हची जागा मिळाली नव्हती, पिस्तुलात गोळ्या संपत आलेल्या, रेडिओ खरखरत होता. चित्र आक्रसायला लागलं.

"पाड," पारस म्हणाला.

मी पाडली. अण्णांची हाक आली. ताई ओट्यावर वही घेऊन बसली होती, फुलांच्या उभ्या छेदाची आकृती काढत. "परत?" म्हणाली, वही बंद केली, काठी घेतली आणि गेली. थोड्या वेळानं मोटर सुरू झाली, बल्ब लाल झाला, चित्राच्या कडा आत आल्या.

"अजून दोनच दारं, यार. पाड."

ताई तेव्हा परतीच्या वाटेवर, निम्म्यावर असणार. तिला तिथूनच मागं वळायला लागेल. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. मी दांडा खाली ओढला आणि वर केला.

अण्णांची हाक आली. मग काही नाही. बराच वेळ मोटर चालूच झाली नाही. चित्र भरलेलं, कडा स्थिर, स्टॅबिलायझर गप्प. आम्ही पहिलं दार उघडलं, सावकाश. दुसरं दार उघडलं. रेडिओची खरखर थांबली. सेव्हची जागा आली. सगळं जपून ठेवलं गेलं. पारसनं माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "आज व्होल्टेज काय मस्त आहे राव!"

खरंच मस्त होतं.

आई गाय घेऊन आली आणि तिनं विचारलं, "सुनंदा कुठंय?" तेव्हा मी टीव्ही बंद केला. ताई मोटरीच्या खोलीत सापडली, आतून कडी लावून बसलेली. अण्णांनी हाका मारल्या तरी तिनं बराच वेळ कडी काढली नाही, अण्णांचा आवाज अण्णांचाच आहे यावर तिचा विश्वास बसेना. परत वळली तेव्हा बांधावर, तिच्या आणि विहिरीच्या मधे, ते बसलेलं होतं. तिनं पळायचं नाही एवढं ध्यानात ठेवलं. ते उठलं, तिच्याकडं बघितलं, आणि उसात गेलं. मग ती खोलीकडं धावली.

"आवाजच न्हाई गं," ती आईला पुन्हा पुन्हा सांगत होती. "एवढं मोठं जनावर, पान सुदिक हललं न्हाई."

गेममध्ये भीती वर्दी देऊन येते. आधी रेडिओ, मग संगीत. तिकडं लांब ती तबकडी आकाशातला बारीकसा आवाज टिपायला रात्रंदिवस तोंड उघडून बसलेली, आणि इकडं माझी बहीण त्या खोलीत श्वास धरून. आमच्या खोलीत मात्र खरखर अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

सकाळी माणसं जमली. चारीचं पाणी फुटून बांध चिखल झालेला, ठसा काही मिळाला नाही. मग एकानं म्हणावं तरस असंल, दुसऱ्यानं म्हणावं कुत्रं असंल, पोरगी भ्याली उगं. भ्यायलेल्या माणसाला गाव फार पटकन ओळखतं आणि सोडत नाही. ताई एकटीनं बाहेर पडेना. सायकलीवरून उसामधून जाताना तिचे पाय थिजायचे. आणि मी आणि पारस? आम्ही भीतीतले जाणकार ना! ती माजघरातून गेली की पारस तोंडानं आवाज काढायचा, "खर्रर्र." आणि मी हसायचो. हे लिहिताना मला हात थांबवावासा वाटतो. पण हसायचो, हे खरं आहे.

त्याच आठवड्यात अण्णांनी ऑटो बसवला. वायरमनशी एक शब्द न बोलता बसवून घेतला, आणि रात्री जेवताना म्हणाले, "माझ्या हट्टापायी पोर मरायची येळ आली." मग म्हणाले, "कॉलेजचं पुढच्या साली बघू." पुढच्या साली कुणी काही बघितलं नाही. पौषानंतर पेठ गावचं स्थळ आलं, माणसं चांगली, बटाट्याचं रान, पुणे-नाशिक रस्त्याला लागून, वाटेत ऊस नाही. 'ऊस नाही' हे आमच्या घरात त्या स्थळाचं मोठं कौतुक होतं. उन्हाळ्यात लग्न झालं. फुलाच्या आकृतीची ती वही पुढं वाण्याकडं रद्दीत गेली असावी. मी विचारलं नाही.

मी बोललो असतो तर? मोटर पडली नाही, मी पाडली, एवढंच. अण्णांनी मला बडवलं असतं, पेटी विहिरीत टाकली असती. आणि कदाचित म्हणाले असते, पोरगी चुकली न्हाई, तिचं कॉलेज कशाला तोडू? कदाचित. मी न बोलल्यामुळं त्या कदाचितलाही जागा राहिली नाही. अण्णा गेले त्या आजारपणातही ताईला म्हणत होते, "ऑटो आधीच बसवाया पायजे व्हता गं." मी उशाशी उभा होतो, पाण्याचा पेला हातात धरून. मी पाणी पाजलं.

आणि देवाची थट्टा बघा, मी आज धंदा करतो तो ठिबकचं सामान आणि मोटरीचे स्टार्टर विकायचा. मोबाईलवर चालणारे. घरबसल्या मोटर चालू, घरबसल्या बंद. परवा राजुरीच्या एका गिऱ्हाइकाला मी सांगत होतो, "भाऊ, आता रात्री-अपरात्री विहिरीवर जायचं कामच नाही. बायाबापड्यांचा जीव धोक्यात घालायचा नाही." तो म्हणाला, "लई पुण्याचं काम करताय." मी त्याला पाच टक्के कमी केले आणि आत जाऊन बसलो.

तर पारसचा मेसेज आला त्या दिवशी मी त्याला फोन केला. तो खुशीत होता.

"ते तळघर आठवतं का रे? दवाखान्याचं? डाव्या हाताला तिसऱ्या खोलीत गोळ्या होत्या, खाटेखाली!"

"आठवतं," मी म्हणालो. "मेन स्विच आठवतो का?"

"कुठला स्विच? लिफ्टचा का?"

"आमच्या गोठ्यातला. तू पाड म्हणायचास."

तो खरंच आठवून बघत असावा. "नाही रे," म्हणाला. "गोठा होता का तुमचा?"

खाटेखालच्या गोळ्या याला आठवतात. मी फोन ठेवला. त्याचा राग करावा तर तेही जमेना. हा निदान विसरला तरी आहे. मी तर सगळं जपून ठेवलंय आणि वर त्याच गोळ्या मलाही आठवतात. तिसरी खोली, डाव्या हाताला. मला लाज याची वाटते की तो माझ्या आयुष्यातला सुंदर हिवाळा होता. दुपारची उतरती उन्हं, पाचट जळाल्याचा वास, उलट्या पेटीची घरघर, आईनं दाराशी ठेवलेला चहा, पारसच्या डब्यातली खाकऱ्याची चळत. काही केलं तरी ते घाणेरडं होत नाही. मी खूप प्रयत्न केला.

दिवाळीनंतर ताई चार दिवस माहेरी येते. यंदा आली तेव्हा घरामागचा फड तुटलेला, विहिरीकडचा निम्मा तुटलेला. ओट्यावर घेवड्याच्या शेंगा घेऊन बसली होती. केस पांढरे झालेत, हाताला बटाट्याच्या मातीच्या रेषा कायमच्या बसल्यात. मी शेजारी जाऊन बसलो आणि सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर राहिलं असतं.

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "कुठला स्विच?"

मी दाखवला. गोठा आता पक्का बांधलाय, पण ती लोखंडी पेटी त्याच भिंतीला आहे. ती उठून गेली, दांड्याला हात लावून बघितला. परत येऊन बसली.

"अण्णाला ठावं व्हतं?"

"न्हाई."

"अण्णा शेवटपत्तुर सोताला बोल लावत गेला."

"हो."

सुपात शेंगा पडत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मंग झाला का त्यो गेम पुरा?"

मी म्हणालो, "न्हाई. पारसनं नंतर पुसून टाकला. चुकून."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मी झेलला असता. तोंडात आलेली कडू बी थुंकून टाकावी तसं ती म्हणाली, "त्यो तरी पुरा करायचा व्हतास, बाळू."

मग तिनं हात झटकले. "मोटर चालू हाय का?"

"न्हाई. लावतो," म्हणून मी खिशातून फोन काढला.

"फोन इकडं आन." तिनं तो घेतला आणि सुपाखाली ठेवला. "चालत जा. बटन दाबून ये."

"ताई, दिवस मावळला की..."

"जा म्हनते ना."

मी गेलो. चारीच्या कडेनं, एका हाताला तुटलेलं रान, दुसऱ्या हाताला उभा ऊस. ना खरखर, ना संगीत. माझ्या स्वतःच्या चपलांचा आवाज तेवढा. पान हलत नव्हतं, आणि पान हलत नाही म्हणजे काय, ते मला त्या वाटेवर पहिल्यांदा कळलं. मोटरीच्या खोलीत शिरलो, मोबाईलवर चालणारा डबा बंद करून जुन्या स्टार्टरचं हिरवं बटन अंगठ्यानं दाबलं. मोटर गुरगुरली, पाईपात पाणी चढलं. मी बाहेर पडलो आणि भराभर परत निघालो.

निम्म्या वाटेवर आलो तेव्हा मागची मोटर बंद पडली.

मी थांबलो. फड तुटलेला, त्यामुळं घर सरळ दिसत होतं. गोठ्याच्या भिंतीशी ताई उभी होती, हात दांड्यावर. तिनं हाक मारली नाही. मीही मारली नाही.

मी मागं वळलो.